आदेश जवानाला कळायला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कचेऱ्यांतली बोजड भाषा आपण सगळेच सोसतो. खेटे वाढतात, वैताग येतो, पण त्यापायी सहसा कुणाचा जीव जात नाही. लष्करात मात्र अशा भाषेची किंमत आदेश लिहिणारा मोजत नाही, तो घेऊन पुढे जाणारा जवान मोजतो. म्हणून सैन्यातल्या कागदी घोड्यांबद्दल नागरिकांनीही बोलायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

इस्रायल आणि लेबनॉनमधली हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना यांच्यातल्या 2006 सालच्या लेबनॉन युद्धाचे उदाहरण घ्या. इस्रायली सैन्याने त्याच वर्षी नवी युद्धसंकल्पना स्वीकारली होती. तिच्यातली परिभाषा बरीचशी आधुनिक तत्त्वज्ञान आणि वास्तुकलेच्या सिद्धांतांतून उचललेली होती. जुलैमध्ये युद्ध पेटले. कोणते गाव, कोणती टेकडी, कधीपर्यंत घ्यायची, हे सरळ सांगण्याऐवजी शत्रूच्या जाणिवेवर परिणाम घडवण्याची भाषा आदेशांत आली. आपल्याला नेमके काय करायचे तेच कळत नव्हते, अशी तक्रार युद्धानंतर अनेक अधिकाऱ्यांनी केली. हे सैन्य नवखे नव्हते, अनेक लढायांतून तावूनसुलाखून निघालेले होते. युद्धानंतर ती संकल्पना गुंडाळावी लागली. पण ‘याचा नेमका अर्थ काय?’ हा प्रश्न युद्धाआधीच कुणी ठासून का विचारला नाही? माझ्या मते कारण एकच : जिथे हुद्द्याला मान असतो तिथे ‘साहेब, समजले नाही’ म्हणायला शत्रूवर चालून जाण्यापेक्षा जास्त धैर्य लागते. सगळे माना डोलावतात आणि न कळलेला शब्द एकेक पायरी खाली उतरत पार खंदकापर्यंत पोहोचतो.

अमेरिकी सैन्याचीही तीच गत. 2009 मध्ये काबूलमध्ये, अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजांचे तेव्हाचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांना अफगाण युद्धाची गुंतागुंत दाखवणारी एक स्लाइड दाखवली गेली. रंगीबेरंगी बाणांचे ते जाळे पाहून, ही स्लाइड ज्या दिवशी कळेल त्या दिवशी आपण युद्ध जिंकलेले असू, असे ते म्हणाले. लोक हसले म्हणतात. मला हसू आले नाही. ती स्लाइड तयार करण्यात हुशार अधिकाऱ्यांचे किती तास गेले असतील! त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट 2008 मध्ये, अमेरिकेचेच जनरल मॅटिस यांनी आपल्या कमांडमध्ये ‘इफेक्ट्स बेस्ड ऑपरेशन्स’ (शत्रूवर हवा तो परिणाम घडवण्यावर भर देणारी कारवाई) ही संकल्पना आणि तिची परिभाषा वापरणे थांबवायला सांगितले होते. असा ठामपणा फार थोडे वरिष्ठ दाखवतात.

उपाय काही नवा नाही. चर्चिल यांनी ऑगस्ट 1940 मध्ये, ब्रिटनवर हवाई हल्ले चालू असताना, वेळ काढून आपल्या अधिकाऱ्यांना टिपण पाठवले : अहवाल छोट्या, नेमक्या परिच्छेदांत लिहा, तपशील परिशिष्टात टाका, पाल्हाळ नको. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांना 1944 मध्ये दिलेल्या आदेशातले मुख्य काम एका वाक्यात मावले होते : युरोप खंडात प्रवेश करा, जर्मनीच्या काळजावर चाल करा, तिचे सैन्य नष्ट करा.

अर्थात नुसते थोडक्यात लिहून भागत नाही. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धातल्या बॅलाक्लाव्हाच्या लढाईत, 25 ऑक्टोबर 1854 रोजी, ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांचा आदेश जेमतेम दोन-तीन ओळींचा होता : घोडदळाने वेगाने पुढे जावे, शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. रॅग्लन उंचावर होते, त्यांना त्या तोफा दिसत होत्या. खाली खोऱ्यात असलेल्या घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन यांना त्या दिसत नव्हत्या. ‘कुठल्या तोफा?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, पण निरोप आणणाऱ्या कॅप्टन नोलनने नुसता एका दिशेला हात केला. सुमारे 670 घोडेस्वार भलत्याच तोफखान्यावर चालून गेले. शंभरावर मेले, त्यांत नोलनही होता.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आदेश मिळाल्यावर तो आपल्या शब्दांत परत सांगण्याची पद्धत अनेक सैन्यांत आहे. ती सर्वांत कनिष्ठ तुकडीप्रमुखापर्यंत सक्तीची करावी. त्याला तो सांगता आला नाही, तर आदेश नव्याने लिहायची जबाबदारी वरिष्ठाची. रेडिओवरच्या सांकेतिक शब्दांना माझा आक्षेप नाही, ते सर्वांना पाठ असतात आणि वेळ वाचवतात. बढती देताना सादरीकरणाच्या झगमगाटापेक्षा लिहिलेल्या आदेशांची स्पष्टता तपासावी.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. लष्करी प्रवक्ता ‘उद्दिष्टे समाधानकारकरीत्या साध्य झाली’ असे म्हणाला, तर ते वाक्य तसेच छापू नका. कोणते ठाणे, आता कुणाच्या ताब्यात, आपले किती जवान जखमी, हे विचारा आणि उत्तर मिळाले नाही तर तेही छापा.

आपला,
एक वाचक