रेघा-ठिपक्यांचे सुडोकू बंद करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांपासून आपण रविवारच्या पुरवणीत नेहमीच्या सुडोकूशेजारी वेगळ्या नियमांचे एक सुडोकू छापत आहात. ‘रेघा, ठिपके आणि पिंजरे यांची ही नसती भर बंद करावी आणि त्या जागी आणखी एक शुद्ध सुडोकू द्यावे’, अशी मागणी करणारे एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात प्रसिद्ध झाले आहे. त्या पत्रातल्या काही तक्रारी रास्त आहेत आणि त्यांविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु त्यातली मुख्य मागणी मान्य होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रथम ‘शुद्ध’ या शब्दाविषयी. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच यावे, अशा चौरसांचा अभ्यास ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच केला होता. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेल प्रकाशनाच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ नावाचे कोडे आले. ते हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाने रचले होते, असे मानले जाते. त्याने केले ते एवढेच, की त्या जुन्या चौरसावर तीन-बाय-तीनच्या चौकटींचा एक जादा नियम बसवला. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते कोडे उचलले आणि माकी काजी यांनी त्याला जे लांबलचक नाव दिले, त्याचा अर्थ ‘आकडे अविवाहितच राहिले पाहिजेत’ असा काहीसा होतो. त्याचे संक्षिप्त रूप म्हणजे सुडोकू. तेव्हा ज्याला आपण शुद्ध म्हणतो तेच मुळात एका जुन्या कोड्यावर नवा नियम चढवून तयार झालेले आहे. त्यावर आणखी एक नियम चढला तर बाटण्यासारखे त्यात काय आहे, हे मला कळलेले नाही.

पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा असा, की नियम वाढले की कोडे विनाकारण अवघड होते. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे, पण अनुभव नेमका उलटा आहे. मी लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या कामात नोंदी वाढल्या म्हणून हिशेब अवघड होत नसे. नोंद हरवली की तो अवघड होई. सुडोकूतला प्रत्येक जादा नियम ही अशीच एक जादा नोंद असते. साध्या सुडोकूचे उत्तर एकच निघायचे असेल तर सुरुवातीला किमान १७ आकडे द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर प्रचंड आकडेमोड करून दाखवून दिले. आता त्याशेजारी मे २०२० मध्ये जगभर गाजलेले मिचेल ली यांचे कोडे ठेवून पाहावे. त्यात दिलेले आकडे फक्त दोन होते, एक १ आणि एक २. बाकीचे सगळे काम तीन जादा नियमांवर सोपवलेले होते. बुद्धिबळातल्या घोड्याच्या अडीच घरांच्या उडीवर तोच आकडा पुन्हा येऊ नये, राजाच्या एका पावलावरही येऊ नये, आणि वर-खाली किंवा शेजारी चिकटलेल्या दोन घरांत लागोपाठचे आकडे येऊ नयेत. इंग्लंडचे सायमन अँथनी हे कोडी सोडवतानाचे चित्रीकरण प्रसिद्ध करत असतात. ही दोन आकड्यांची चौकट पाहून आपली कोणीतरी थट्टा करत आहे, असेच त्यांना आरंभी वाटले होते. पण सुमारे पंचवीस मिनिटांत त्यांनी ती अखेरपर्यंत भरली, आणि तीही अंदाजाने नव्हे, एकेका घरामागे कारण सांगत. ८१ पैकी ७९ घरे केवळ नियमांच्या बळावर भरतात, हे ज्याने एकदा पाहिले तो नियमांना अडचण म्हणणार नाही.

आनंदाचा भाग इथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ‘अतिकठीण’ असे लिहिलेले नेहमीचे सुडोकू मी वर्षानुवर्षे सोडवले आहे. एका मर्यादेनंतर ते काम पिशवीतले तांदूळ निवडण्यासारखे होते. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक आकडे लिहायचे, मग एकेक खोडत जायचे. चिकाटी लागते, नजर लागते, पण ‘अरेच्चा!’ असे म्हणण्याचा क्षण क्वचितच येतो. याचे एक कारण असे, की वर्तमानपत्रांतली बहुतेक साधी सुडोकू संगणक तयार करतो. २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सुडोकू सुरू झाले, तेही हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांनी लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीच्या जोरावरच. वेगळ्या नियमांची चांगली कोडी मात्र माणसे रचतात. सोडवणारा कुठे थबकेल, कुठे चकेल आणि कुठे त्याला दार उघडलेले दिसेल, याचा विचार रचणाऱ्याने आधी केलेला असतो. चांगल्या रहस्यकथेप्रमाणे तो पुरावा आपल्यासमोर उघड्यावर ठेवतो आणि तरीही आपल्याला तो दिसत नाही.

उदाहरणार्थ ‘कुजबुजती रेघ’ घ्या. (आपण या प्रकाराचे नाव ‘जर्मन व्हिस्पर्स’ असेच छापता. हरकत नाही, पण आमच्या घरी ती कुजबुजती रेघच आहे.) नियम एका ओळीचा आहे : रेघेवरच्या लगतच्या दोन घरांतील आकड्यांत किमान ५ चा फरक असावा. एवढ्यावरून ५ हा आकडा त्या रेघेवर कुठेच बसू शकत नाही, कारण त्याच्या शेजारी १० किंवा शून्य लागेल. ४ च्या शेजारी फक्त ९ चालतो आणि ६ च्या शेजारी फक्त १. शिवाय लहान आकड्याशेजारी मोठा आणि मोठ्याशेजारी लहान अशी पाळी आपोआप लागते. त्यामुळे एकही आकडा माहीत नसताना दोन रंगांच्या पेन्सिलींनी रेघेवरची घरे आळीपाळीने रंगवता येतात आणि अर्धे कोडे रंगांतच सुटते. नियम वाचताना यातले काहीही लिहिलेले नव्हते. ते सगळे त्याच्या पोटात होते.

किलर सुडोकूविषयी लिहिताना मला थोडा पक्षपात करू द्यावा. त्यात बहुधा एकही आकडा दिलेला नसतो. तुटक रेघांनी आखलेले पिंजरे असतात आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्यातल्या घरांची बेरीज. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, तीन घरांत ७ म्हणजे १, २ आणि ४, ही पाठांतरे दोन आठवड्यांत होऊन जातात. खरी गंमत ४५ या संख्येत आहे. १ ते ९ ची बेरीज ४५, म्हणून प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक चौकटीची बेरीजही ४५. एखाद्या चौकटीतले पिंजरे मिळून ५२ भरत असतील आणि त्यांचे एकच घर चौकटीबाहेर डोकावत असेल, तर त्या घरात ७ असलाच पाहिजे. मध्यंतरी आपल्या अंकात एका पिंजऱ्याची बेरीज शाईच्या डागाखाली गेली होती. आमच्या वाचनालयात त्यावर बरीच कुरकुर झाली आणि दोघांनी कोडे सोडूनही दिले. मी सवयीने बाकीच्या सगळ्या पिंजऱ्यांची बेरीज मांडली, ती ३८९ आली. संपूर्ण चौरसाची बेरीज नऊ वेळा ४५, म्हणजे ४०५ असणारच. तेव्हा डागाखाली १६ होते आणि त्या दोन घरांत ७ व ९ होते. नोकरीत असताना ताळा जुळल्याचा इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

याच ताळ्याचे एक अधिक देखणे रूप अलीकडे शिकले आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणत्याही पूर्ण भरलेल्या सुडोकूच्या चारही कोपऱ्यांतली दोन-बाय-दोन घरे घ्यावीत. ती एकूण १६ होतात. मग मधल्या चौकटीला बाहेरून वेढणारे एका घराच्या रुंदीचे कडे घ्यावे; त्यातही १६ घरे असतात. या दोन्ही ठिकाणी तेच आकडे, तितक्याच वेळा आलेले दिसतात. फिस्टोमेफेल या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या जर्मन रचनाकारामुळे हे कडे प्रसिद्ध झाले. त्याची सिद्धता कोणत्याही हिशेबनिसाला समजेल. जमेच्या बाजूला डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन उभ्या ओळी मांडाव्यात. नावेच्या बाजूला तिसरी आणि सातवी आडवी ओळ, तसेच मधल्या पट्ट्यातली डावी आणि उजवी चौकट मांडावी. दोन्ही बाजूंना १ ते ९ चे चार-चार संच, म्हणजे बाजू समान. आता जी घरे दोन्हीकडे आली आहेत ती खोडून टाकावीत. जमेला कोपऱ्यांतली १६ घरे उरतात आणि नावेला ते कडे. हे तत्त्व साध्या सुडोकूतही खरेच आहे, पण मी वीस वर्षे साधे सुडोकू सोडवूनही मला ते दिसले नाही. वेगळ्या नियमांच्या कोड्याने त्या कड्याकडे बोट दाखवले तेव्हा ते दिसले.

आता तक्रारींकडे येते, कारण तिथे पत्रलेखकांशी माझे बरेच जमते. त्यांनी लिहिले आहे, की एका कोड्याला दोन उत्तरे निघाली. ते खरे आहे आणि त्यात दोष कोड्याचा नव्हता, अर्धवट छापलेल्या नियमाचा होता. ठिपक्यांच्या त्या प्रकारात दोन घरांमध्ये पांढरा ठिपका असेल तर आकडे लागोपाठचे असतात आणि काळा असेल तर एक दुसऱ्याच्या दुप्पट असतो. (म्हणूनच काळ्या ठिपक्याला ५, ७ आणि ९ कधीच शिवत नाहीत.) परंतु ‘शक्य तेथे सर्व ठिपके दिलेले आहेत’ हे वाक्य असणे आणि नसणे यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. ते वाक्य असेल तर जिथे ठिपका नाही तिथले रिकामेपणही बोलते. आपण ते गाळले आणि निम्मा पुरावा गेला. माझ्या थोरल्या जाऊबाई पुण्याला असतात आणि रविवारी दुपारी आम्ही दोघी फोनवर एकच कोडे सोडवतो. त्या दिवशी त्यांचा शेवटचा कोपरा वेगळा आणि माझा वेगळा. “तुझं चुकलंय, पुन्हा बघ,” असे त्यांनी मला तीनदा ऐकवले, आणि उत्तर छापून येईपर्यंत आमचे बोलणे जरा तुटकच होते.

दुसरी रास्त तक्रार छपाईची आहे. मूळ रंगीत असलेल्या रेघा काळ्या-पांढऱ्या पानावर एकाच करड्या छटेत उतरतात. मग तापमापीची नळी कोणती आणि बाण कोणता, हे ओळखण्यातच पहिली दहा मिनिटे जातात. तापमापीच्या प्रकारात फुग्यापासून टोकाकडे आकडे चढत जायचे असतात, आणि तो फुगाच दिसला नाही तर चढण कोणत्या दिशेची हे कसे कळावे? तिसरी गोष्ट नियमांच्या भाषेची. ‘पेशींनी पुनरावृत्ती करू नये’ असे वाक्य वाचून कोडे सोडवण्याची इच्छा होणार नाही. सुडोकूतल्या त्या जागेला मराठीत घर म्हणतात. सारीपाटापासून बुद्धिबळापर्यंत आपण घरच म्हणत आलो आहोत. आणि हेही कबूल केले पाहिजे, की एकाच चौरसात घोडा, राजा, बाण, पिंजरे आणि तापमापी अशी सगळी वरात काढणारी कोडी असतात. ती मलाही आवडत नाहीत. एक किंवा दोन नियम आणि त्यांतून निघणारा लांब विचार, हे प्रमाण बरे.

हा खेळ परदेशी लोकांचे खूळ आहे, असेही त्या पत्रात सूचित केले आहे. २००८ ची जागतिक सुडोकू स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यात झाली होती आणि अमेरिकेच्या थॉमस स्नायडर यांनी ती जिंकली; २०१७ ची स्पर्धा बंगळूरला झाली. या स्पर्धांत साध्या सुडोकूबरोबर वेगळ्या नियमांच्या कोड्यांच्या फेऱ्या असतात. आपल्याकडच्या एखाद्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला तिथपर्यंत जायचे झाले, तर ओळख होण्यासाठी मराठीत नियम लिहिलेले एक तरी कोडे आठवड्यातून हाती पडायला हवे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. साधे सुडोकू रोज येते तसेच येऊ द्यावे. रविवारचे वेगळे सुडोकू बंद न करता उलट थोडे मोठे छापावे. त्याचे नियम पूर्ण वाक्यांत, दोन-तीन घरांचा लहानसा नमुना दाखवून द्यावेत. आणि कोडे रचणाऱ्याचे नाव खाली छापावे. कवितेखाली छापता तसे.

आणखी एक. उत्तर सोमवारी न छापता पुढच्या रविवारी छापावे. गेल्या रविवारचे बाणांचे कोडे माझ्याकडून अजून सुटलेले नाही, आणि सोमवारपासून आमच्या घरातला अंक शेवटचे पान आत दुमडूनच वाचला जात आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, सांगली