काठी तेवढी चालते

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

माझा राजीनामा मंजूर झाला. पुढच्या महिन्यात मी सुवार्तेच्या सेवेला निघते आहे. हे समोर बसून सांगायला हवं होतं. पण आईचे डोळे भरले असते आणि माझा पाय निघाला नसता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, त्या रात्री तुम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडलात, पायांची धूळ झटकण्याचं तेवढं वाचलंत आणि बायबल मिटलंत. फार लागलं मला ते. धूळ झटकायची ती जिथे दार लावून घेतात तिथली. ज्या अंगणात तुमचं बोट धरून चालायला शिकले, तिथली मी कशी झटकेन? आणि त्या अध्यायाची सुरुवात बघा. नासरेथात, आपल्याच माणसांत, येशूला मान मिळत नाही, आणि लगेच सातव्या वचनापासून तो आपल्या बारा शिष्यांना गावोगावी पाठवतो. नकार सोसलेला गुरू आपल्या पोरांना आधीच सावध करतो आहे, असं मी ते वाचते.

शिवाय तो कुणाला एकट्याने धाडत नाही, दोघा-दोघांना धाडतो. साक्ष दोघांच्या तोंडून पक्की होते हा बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम तुम्हीच मला शिकवलात. मला वाटतं, एक थकला तर दुसऱ्याने धीर द्यावा, हेही त्यात असणार. माझ्याबरोबर एक ताई आहेत, वीस वर्षं याच कामात मुरलेल्या.

आई, ज्या घरात उतराल तिथेच राहा, असंही तो सांगतो. आमचंही तसंच आहे. एकाच कुटुंबाकडे खोली आहे, खिडकी आहे, अंघोळीला गरम पाणी आहे, रात्री दाराला आतून कडी आहे. समोर येईल ते मी खाईन, नाक मुरडणार नाही. दोन अंगरखे नकोत म्हटलंय खरं, पण तू शिवलेलं पांघरूण मी नेणारच. त्याशिवाय मला अजून झोप लागत नाही.

पैशांची काळजी वाटली तर लूक 22:35 काढा. थैली, झोळी, वहाणा न देता पाठवलं तेव्हा काही कमी पडलं का, असं येशू विचारतो. ते म्हणतात, काही नाही. आणि मार्कमध्ये ते परत येतात तेव्हा पहिल्यांदा एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असं सांगतो. मीही विसाव्याला घरीच येणार. (मधली बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाची गोष्ट आईला आत्ता वाचून दाखवू नका.)

आता काठीचं. शिष्यांच्या त्या प्रवासाला मत्तय आणि लूक काठी नको म्हणतात, मार्क मात्र काठी घेऊ देतो. मत्तयाच्या मूळ ग्रीक क्रियापदात नव्याने मिळवण्याचा अर्थ आहे, म्हणून नवी काठी मिळवू नका, हातातली चालेल, असा काही जण मेळ घालतात. लूकपाशी तो मेळ अडतो, कारण तिथे मार्कचंच ‘घेणं’ हे क्रियापद आहे. मी मार्कच्या बाजूची आहे. धडधाकट शिष्यांना चालली ती काठी, मग गुडघा दुखत असताना तुम्हाला लाज कसली, बाबा? ती माळ्यावरून काढा आणि दाराशी ठेवा. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. आई, तू डोळे तपासून घे, पुढच्या आठवड्यातच.

रविवारी उपासनेनंतर फोन करीन. पहिल्यांदा काठीचंच विचारणार आहे.

तुमची,
धाकटी