चिरेखाणींच्या पीएचडीचं बजेट

प्रिय सुहास,

तुझा आराखडा वाचला. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवर, चिरेखाणींनी जमीन किती आणि कशी बदलली, हा विषय झकास. बजेट मात्र लंगडं आहे. जेआरएफचे, म्हणजे संशोधक शिष्यवृत्तीचे, महिन्याला ३७,००० हे तुझ्या पोटापाण्याचे, आणि तेही कधीकधी महिनोन्महिने रखडतात. कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, पहिली दोन वर्षं विज्ञानाला वर्षाला १२,०००, सामाजिक शास्त्रांना १०,०००. भूगोल कशात धरतात ते विद्यापीठात आधी विचार. गाडीभाड्यातच ती उडते. तेव्हा फील्डसाठी वेगळं अनुदान मागच.

उपग्रहचित्रांवर पैसे लावू नकोस. लँडसॅट, सेंटिनेल-२ फुकट आहेत. १९६०च्या दशकातली कोरोना या अमेरिकी हेर-उपग्रहांची चित्रं आधीच स्कॅन झालेली असतील तर तीही फुकट.

खरी गोची खोदून काढलेल्या दगडाच्या घनफळात आहे. २००० सालच्या एसआरटीएममधून, म्हणजे अंतराळयानातून रडारने केलेल्या उंचीच्या नकाशातून, आजची उंची वजा करणार म्हणतोस. अरे, ६० बाय ६० मीटरची खाण तिथे जेमतेम चार पिक्सेल, आणि खोली चार मीटर. तेवढी तर त्या उंचीतली चूकच असते! परीक्षक नेमकं इथेच धरतील. सेंटिनेलवर तीच खाण ३६ पिक्सेल भरते, तेव्हा क्षेत्रफळ तिथून घे. खोली जागेवर जाऊन डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि स्टाफने (मापाच्या उभ्या पट्टीने) मोज. हातातल्या जीपीएसची उंची कामाची नाही. चार मीटर सरासरी खोली निघाली तर १४,४०० घनमीटर, आणि हा आकडा कुणालाही पडताळता येतो.

म्हणजे बजेटमध्ये लेव्हलचं भाडं, स्टाफ धरायला एक माणूस आणि गाडी. प्रत्येकासमोर दिवस गुणिले दर लिही. ‘प्रवास व इतर : ५०,०००’ असली ओळ पहिल्या फटक्यात कापतात.

आता वेळ. बंद खाणींत पाणी साचतं, म्हणून ऑक्टोबरअखेरच्या चित्रात त्या चटकन सापडतात. मोजणी मात्र फेब्रुवारी ते मे, खड्डे कोरडे असताना. पैसे मेअखेर हातात पडले तर हंगाम गेला, रक्कम पडून राहिली आणि यूसीत, म्हणजे खर्चाच्या विनियोग प्रमाणपत्रात, शिल्लक दिसली की पुढचा हप्ता अडतो. म्हणून पहिल्या हप्त्यात चित्रांवरचं काम, दुसऱ्यात मोजणी, असं वेळापत्रकातच मांड. गाडीचे पैसे दुसऱ्या खर्चाच्या हेडखाली टाकायची वेळ आलीच, तर आधी लेखी परवानगी घे. मागून कुणी देत नाही.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव, दर तपासून देतो.

तुझा,
अनिल