पारंपरिक जातीच्या डुकरांचा खुराक मोजूनच हवा

संपादक महोदय,

घरच्या जागेत पारंपरिक जातींची डुकरे पाळताना त्यांना संकरित डुकरांचा खुराक भरपेट घालू नये. या जाती सावकाश वाढतात; जादा खाद्याची चरबीच होते. लठ्ठ मादी नीट गाभण राहत नाही, विताना अडते आणि पिल्ले तिच्या अंगाखाली चेंगरतात. हे नुकसान खरोखर टाळता येण्यासारखे आहे. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. विण्याआधी अंथरायला कोरडा पेंढा द्यावा आणि भिंतीलगत, जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटरवर आडवा दांडा बसवावा, म्हणजे पिल्लांना निसटायला जागा राहते. नवजात पिल्लांच्या कोपऱ्यात ३२-३४ अंश सेल्सिअस ऊब हवी. सिमेंटच्या फरशीवरच्या पिल्लांना पहिल्या तीन दिवसांत लोहाचे इंजेक्शन द्यावेच, कारण आईच्या दुधात लोह फार कमी असते.

– एक वराहपालक