बोट लागली, आम्ही उतरलो

कोल्हापूर
रविवार

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू विचारलंस, "नेपल्सला बोट लागते त्या दिवशी बोटवाल्यांची सहल घेऊ, का तुमच्यासारखं आपलं आपण जाऊ?" मी "जा की मर्दा" म्हणून मोकळा झालो, पण ते काही उत्तर नव्हे. आज सकाळपासून पाऊस धरलाय, रंकाळ्याची फेरी बुडाली, तेव्हा सविस्तर लिहितो.

आम्हाला इटलीतल्या नेपल्सला बोट लागली ती समुद्रसफरीच्या तिसऱ्या दिवशी. हिला ती पहिल्या रात्रीच लागली होती. त्यामुळे जमिनीवर पाय टेकायला ही माझ्यापेक्षा उतावीळ! बोटीवरच्या सहलीच्या टेबलावर पॉम्पेचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन शहराच्या सहलीचा, भाव विचारला, तर तेवढ्या पैशात कोल्हापूर-मुंबई किती वेळा झालं असतं याचा हिशेब हिनं तिथंच बोटांवर सुरू केला. मी हळूच बाजूला झालो. पण पैसा हे निम्मंच कारण. त्या सहलीत नेपल्सचं म्युझियम नव्हतं, आणि मला तिथली एक बाई बघायची होती. तिच्याबद्दल पुढे.

आधी भीतीचं बोलू. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही, पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं. म्हणून बोट सुटायची वेळ लक्षात ठेवू नकोस, चढायची शेवटची वेळ लक्षात ठेव. ती आधीची असते. घड्याळही बोटीचंच धर, कधीकधी बोटीची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असते. बंदरातल्या एजंटाचा नंबर बोटीच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो, ते पत्रक खिशात ठेव. पासपोर्ट बोटवाल्यांनी ठेवून घेतला असेल तर त्याची झेरॉक्स घे. पॉम्पेचं तिकीट आता नावावर मिळतं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, तेव्हा ते आधीच काढून ठेव. आमची शेवटची वेळ साडेपाचची होती. हिला मी चारची सांगितली. गावाकडं शेवटची एसटी धरायला आई अशीच तासभर आधी घराबाहेर काढायची, आठवतं?

नेपल्सचा धक्का गावाच्या पायथ्यालाच आहे. उतरलं की समोर किल्ला, त्याच्या अंगाला म्युनिचिपिओ नावाचं मेट्रो स्टेशन. तिथून गारिबाल्दी तीनच स्टेशनं. तिथं खालच्या अंगाला पॉम्पेवरून जाणारी सोरेन्तोची लोकल मिळते. भाडं साडेतीन युरोच्या आसपास. डबे बाहेरून रंगानं बरबटलेले, आत उभ्यानं गर्दी. हिला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाकीट मात्र पुढच्या खिशात ठेव.

आणि इथंच मी माती खाल्ली. एकाच फलाटावरून वेगवेगळ्या गाड्या सुटतात. पाटीवर पोज्जोमारिनो लिहिलेलं असताना मी "पॉम्पेच म्हणतायत की" म्हणून हिला आत ढकललं. त्या गाडीलाही पॉम्पे आहे, पण ते आजच्या गावातलं, चर्चजवळचं. शेजारच्या आजींनी माझ्या हातातलं तिकीट बघितलं, मान हलवली आणि तोरे अनुन्झियाताला आमचे दंड धरून आम्हाला खाली उतरवलं. तिथून दोन फाटे फुटतात. इटालियन मला येत नाही, पण त्या काय म्हणाल्या ते अगदी नीट कळलं. तू सोरेन्तोच वाच आणि 'पॉम्पेइ स्कावी' ला उतर. दरवाजा समोरच आहे.

पॉम्पेचं वर्णन करत बसत नाही, तिथं गाइडं ढीगभर आहेत. एकच सांगतो. आपण 'चाकोरी' म्हणतो ना, ती तिथं काळ्या दगडात कोरलेली दिसते. गाड्यांच्या चाकांनी फरसबंदीत बोटबोट खोल घळी पडल्यात. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड, आणि चाकं जावीत म्हणून त्यांच्यात बेतानं ठेवलेल्या फटी. बेकरीत माणसाच्या छातीएवढी जाती. ही एका जात्याला हात लावून उभी राहिली. आमच्या शेजारून छत्री उंच धरलेल्या बाईमागं आमच्याच बोटीची चाळीस माणसं गेली. एकजण थांबू बघत होता, त्याला मागच्यांनी पुढं ढकललं. आम्ही तिथंच पायरीवर बसून बोटीवरून आणलेली केळी खाल्ली.

दुपारी परत गारिबाल्दी, आणि तिथून तीच मेट्रो थेट म्युझिओ स्टेशनला. (म्युझियम मंगळवारी बंद असतं, आमचा बुधवार होता.) आता ती बाई. पॉम्पेत १९३८ साली एका घरात सापडलेली, वीतभर उंचीची, हस्तिदंताची. तिला 'पॉम्पेची लक्ष्मी' म्हणतात. बहुधा ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं जाणकार सांगतात. इसवी सन ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेली म्हणजे त्याच्याआधीच आपल्याकडून तिथं पोचलेली. तशाच मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला सापडल्यात. म्हणजे मराठवाड्यातून निघालेली असली तर ती घाट उतरून, समुद्र ओलांडून गेली असेल. हातभर बांगड्या, पायांत जाडजूड वाळे, कमरेला मेखला. हिनं चपला काढल्या. पहारेकरी बघतच राहिला. मी काही बोललो नाही.

सव्वाचारला बोटीवर होतो. माझ्या चारच्या हिशेबानं पंधरा मिनिटं उशीर, आणि हिनं ते ऐकवलंच.

इकडं आल्यावर एक काम केलं. आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ग्रीक समुद्रदेवाची, पोसायडनची, एक छोटी रोमन कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात सापडलेली. साठ वर्षं मी त्या दारावरून ये-जा केली, शाळेच्या सहलीनंतर आत पाऊल टाकलं नव्हतं. ती तिकडं गेली आणि हा इकडं आला, हे सगळं मी हिला समजावून सांगत होतो. ही काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाही बोटीनंच आला असेल. पण याला बोट लागली नसणार."

वहिनींना नमस्कार. तारीख ठरली की कळव.

तुझा,
अण्णा