नव्या लॅपटॉपमधून मेमरी कार्डाचा स्लॉट काढून टाकल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
लॅपटॉप विभाग

विषय: कार्डाचा स्लॉट नसलेला लॅपटॉप 'क्रिएटरांसाठी' म्हणून विकणे आणि त्यामुळे झालेले नुकसान
संदर्भ: याआधी नोंदवलेल्या तीन तक्रारी (तिन्ही तुमच्याकडे 'निकाली')

महोदय / महोदया, स. न. वि. वि.

मालवणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्टचे फोटो हे बारमाही काम. पण कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमचं खरं काम सुरू होतं, आणि ते रात्रीचं असतं. गावोगावच्या देवळांसमोर दशावताराचे प्रयोग होतात, त्यांचं चित्रीकरण मी गेली बारा वर्षं करतो. मंडळांचे मालक सांगतात, कधी देवस्थान सांगतं, कधी एखादा मुंबईकर चाकरमानी आपल्या गावच्या जत्रेची आठवण म्हणून पैसे देतो.

तुमचा लॅपटॉप मी ऑक्टोबरात कुडाळच्या दुकानातून घेतला, ९१,५०० रुपयांना. बिलाची प्रत सोबत आहे. जुना लॅपटॉप २०१५ सालचा होता, तोही तुमच्याच कंपनीचा. त्याच्या डाव्या बाजूला कार्डाचा स्लॉट होता. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, आत सरकवायचं, टक् असा आवाज आला की झालं. आठ-नऊ पावसाळे तो आमच्या खाऱ्या हवेत टिकला. गेल्या श्रावणात त्याचा मदरबोर्ड गेला, स्लॉट मात्र शेवटपर्यंत चालू होता. म्हणून परत तुमच्याकडेच आलो. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्या चॅटवरच्या मुलीने मला 'आमच्या परिवारात आपले स्वागत आहे' असं लिहिलं होतं. मी जुना नातेवाईक आहे.

घेताना बघितलं नाहीत का, असं तुम्ही विचाराल. दुकानदारानेही तेच विचारलं. बघितलं. खोक्यावर लॅपटॉपचं चित्र आहे आणि त्याच्या शेजारी एक कॅमेरा ठेवलेला आहे, काळा, मोठी लेन्स लावलेला. खाली 'क्रिएटरांसाठी' असं लिहिलं आहे. कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड जाणार नाही हे त्या चित्रावरून कुणाच्या लक्षात येईल? मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टांची यादी आहे: टाइप-सी दोन, हेडफोन एक. जे दिलंय ते लिहिलंय. जे काढून टाकलंय ते कुठेच नाही. खोकं उघडून मी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघत होतो, तेव्हा शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "मेल्या, एवढे पैसे घातलंस आणि भोकच नाय? आता ह्यां कार्ड खंयसून घालतलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या हेल्पलाइनकडे होतं: हब घ्या, म्हणजे टाइप-सी पोर्टाला लावायची, कार्ड, डिस्क, चार्जर सगळं जोडायची डबी. ३,२०० रुपये, वेगळे.

घेतला. तुमच्याच कंपनीचा, अस्सल, होलोग्राम लावलेला.

आता डिसेंबरातल्या एका रात्रीची हकीकत नीट सांगतो, कारण तुमच्या तीन उत्तरांत ती कुणी वाचल्याचं दिसत नाही. कुडाळ तालुक्यातल्या एका गावची जत्रा. पालखी देवळात परतल्यावर साडेबाराच्या सुमाराला नाटक उभं राहिलं. आधी आडदशावतार, गणपती, संकासूर, मग मूळ आख्यान हरिश्चंद्राचं. मंडळातले एक ज्येष्ठ स्त्रीपार्टी तारामती करणार होते. गुडघे गेलेत, पुढच्या हंगामात पायात घुंगरू बांधणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि म्हणूनच मंडळाच्या मालकांनी मला बोलावलं होतं.

कोकणाबाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पदं ठरलेली, बाकी संवाद नट उभ्या उभ्या बोलतो. समोरचा काय बोलला, प्रेक्षकांतून कोण खोकलं, पखवाजवाल्याने कुठे थाप दिली, त्यावर पुढचं वाक्य. उद्या दुसऱ्या गावात हेच आख्यान होईल, पण हे बोलणं होणार नाही. लग्नात हार घालतानाचा फोटो चुकला तर नवराबायकोला पुन्हा उभं करता येतं, मी केलेलंही आहे. तारामतीला पुन्हा उभं करता येत नाही.

माझं गणित असं असतं. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने केलं की तासाला ४५ जीबी लागतात. ६४ जीबीचं कार्ड जेमतेम सव्वा ते दीड तास पुरतं. माझ्याकडे अशी तीन कार्डं आहेत आणि नाटक पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतं, म्हणजे पाच तास सहज. म्हणून एक कार्ड कॅमेऱ्यात आणि भरलेलं लॅपटॉपवर रिकामं करायचं, असं आलटून पालटून. मोठं कार्ड का घेत नाही, असं तुमच्या तंत्रज्ञाने फोनवर विचारलं. मोठ्या कार्डावर सगळी रात्र ठेवली आणि ते एकच कार्ड बिघडलं तर सगळी रात्र जाते. लहान कार्डं हा आमच्या धंद्यातला विमा आहे.

पहिलं कार्ड व्यवस्थित रिकामं झालं, हब चटका बसावा इतका तापला तरी. रोहिदासाला साप डसला आणि तारामतीचा विलाप झाला तो दुसऱ्या कार्डावर, पावणेतीन ते सव्वातीनच्या दरम्यान. बायका मंडपात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कार्ड भरलं, काढलं, तिसरं कॅमेऱ्यात घातलं आणि हे दुसरं हबमध्ये. हबला चार्जर लावलेला, त्यालाच हार्ड डिस्क, त्यालाच कार्ड. सगळं एकाच टाइप-सी पोर्टातून. दुसरं पोर्ट आहे की, असं म्हणू नका; ते इतकं लागून आहे की तुमच्याच हबच्या रुंदीखाली ते झाकलं जातं. मोजपट्टी ठेवून फोटो काढलाय, जोडला आहे.

आणि जनरेटर बंद पडला. पाच-सात सेकंद. जत्रेत हे होतंच, कुणी डिझेल घालायला विसरतं. रंगमंच काळोखात गेला, पेट्रोमॅक्स होताच, पखवाज थांबला नाही. माझा कॅमेरा बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर. बंद पडायचं कुणालाच कारण नव्हतं. पण चार्जरची वीज गेल्याबरोबर हबने हातातलं सगळं सोडून दिलं, कार्डही आणि हार्ड डिस्कही, आणि वीज आल्यावर पुन्हा पकडलं. तेवढ्यात कार्डावरच्या फायलींची यादीच मोडली. कॅमेऱ्यात घातलं तर 'फॉरमॅट करा' एवढंच म्हणत होतं.

माझी चूक इथे मी मान्य करतो. घाईत मी फायली कॉपी न करता मूव्ह केल्या होत्या, म्हणजे उतरली की कार्डावरून पुसली जाते तशा. कॉपी केल्या असत्या तर हबने सोडलं तरी कार्डावर काही लिहिलं जात नव्हतं, मूळ शाबूत राहिलं असतं. नवख्या पोराला मी यावरून ओरडलो असतो. पण जुन्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये मी आठ-नऊ वर्षांत शंभरदा मूव्ह केलंय, शंभरदा वीज गेली आहे, आणि काही झालं नाही, कारण तो स्लॉट लॅपटॉपच्या पोटात होता आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर जगत होता. बाहेरच्या विजेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही तो पोटातून काढून एका दोरीच्या टोकाला बांधलात, त्याच दोरीवर चार्जरही टांगलात. माझी तक्रार मुळात एवढीच आहे.

बिघडलेलं कार्ड तसंच जपून ठेवावं लागलं, त्यामुळे शेवटी कार्ड कमी पडलं आणि नाटकाचा अखेरचा भाग मोबाइलवर घेतला. घरी येऊन दोन दिवस सॉफ्टवेअर चालवून विलापातली अकरा मिनिटं परत मिळवली. त्यातही मधेच चित्राचे हिरवे चौकोन होतात, आवाज मात्र आहे. मंडळाचे मालक काही बोलले नाहीत. पैसे देऊ लागले, मी घेतले नाहीत. ज्यांनी तारामती केली ते म्हणाले, "जांवदे रे, बघलल्यांनी बघल्यान मा." त्यांनी असं म्हणावं हा त्यांचा मोठेपणा. तुमचा त्यात काही वाटा नाही.

तुमच्या उत्तरांविषयी थोडं. पहिल्या उत्तरात फायली वाय-फायने पाठवायला सांगितलं. जत्रेच्या माळावर दहा हजार माणसं असतात, तिथे फोनसुद्धा लागत नाही. दुसऱ्या उत्तरात क्लाउडवर टाका असं होतं. माझ्या घरच्या जोडणीवर सेकंदाला १० मेगाबिटचा अपलोड मिळतो. ४५ जीबी, म्हणजे नाटकाचा एक तास, वर जायला दहा तास लागतात. ढगावर टाकायची हौस आम्हाला नाही, मृगापासून हस्तापर्यंत ढग आमच्या कौलांवरच बसलेले असतात. तिसरं उत्तर म्हणजे 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला पाच पैकी गुण द्या.'

टाइप-सीशी माझं भांडण नाही. उलटसुलट कसंही घातलं तरी बसतं, एकाच चार्जरवर फोन आणि लॅपटॉप चालतो, हे सोयीचंच आहे. युरोपात तर एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपनाही टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलंय, तेव्हा ते यायचंच होतं. पण ते आलं म्हणून दुसरं जायलाच हवं असं नव्हतं. एसडी कार्ड १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून आणलं, आणि आजही मी दुकानात कॅमेरा बघायला गेलो तर बहुतेकांत तेच कार्ड जातं. कॅमेरेवाल्यांनी स्लॉट ठेवला, तुम्ही काढलात. मधे उभा आहे मी. कार्डाची जाडी २.१ मिलिमीटर असते. तुमचा लॅपटॉप त्याहून पातळ झालेला नाही. आणि हे काही तुम्हाला पहिल्यांदाच सुचलेलं नाही. अ‍ॅपलने २०१६ साली मॅकबुक प्रोमधून हा स्लॉट काढला होता. पाच वर्षं लोकांनी हब लटकवले, आणि २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॉडेलमध्ये तो परत आला, टीव्ही जोडायच्या एचडीएमआय पोर्टासकट. त्यांना पाच वर्षं लागली, तुम्हाला दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणं होता आलं असतं.

अजून एक. तुमच्या पोर्टात २४ बारीक संपर्क आहेत आणि आमच्या हवेत मीठ आहे. स्टुडिओपासून समुद्र चालत सात मिनिटांवर. दिवसातून वीस वेळा हब काढ-घाल केल्यावर ते एक पोर्ट बिघडलं तर चार्जिंगही गेलं, कार्डही गेलं, डिस्कही गेली. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, म्हणजे घाट चढून एक दिवस आणि परतीचा एक. पूर्वी कार्डाचा स्लॉट बिघडला तर निदान लॅपटॉप चालू राहायचा.

तर माझं मागणं असं. हबचे ३,२०० रुपये परत करावेत, कारण तो हब मी हौसेने घेतलेला नाही, तुम्ही काढलेल्या वस्तूची ती किंमत आहे. चार्जर निघाला तरी कार्ड सोडणार नाही असा हब तुमच्याकडे असेल तर तोच पाठवा, पैसे नकोत. खोक्यावर कॅमेऱ्याचं चित्र ठेवायचं असेल तर त्याच आकाराच्या अक्षरात 'यात कार्ड स्लॉट नाही' असं छापावं. पुढच्या मॉडेलमध्ये स्लॉट द्याल की नाही ते तुमच्या अभियंत्यांनी ठरवावं, पण माझं पत्र त्यांच्या टेबलावर जावं, चॅटच्या पेटीत नको. गेलेल्या चित्रीकरणाची भरपाई मी मागत नाही. तिचा आकडा मला मांडता येत नाही आणि तुम्हाला देता येणार नाही.

तीस दिवसांत एखाद्या माणसाने, मराठीत, सहीनिशी उत्तर दिलं तर बरं. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि पुढे सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागत नाही, हे आमच्या वकिलांनी मला चहा पिता पिता सांगितलं आहे.

आपला,
बिलावर ज्याचं नाव आहे तो ग्राहक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत: लॅपटॉप व हबच्या बिलांच्या प्रती, मोजपट्टीसह पोर्टांचा फोटो, खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आणि तारामतीच्या विलापाची उरलेली अकरा मिनिटं पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा आहे. तुमच्या लॅपटॉपला लावायचा तर तुम्हालाही हब घ्यावा लागेल.