कूलरच्या बातमीत प्लगचीही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात आपल्या शहर पानावर एक बातमी ठरलेली असते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून महिलेचा मृत्यू, नाहीतर खेळता खेळता कूलरला हात लागून मूल दगावलं. शेवटची ओळही ठरलेली: आकस्मिक मृत्यूची नोंद, पुढील तपास सुरू. तो तपास पुढे कुठे गेला, हे आम्हा वाचकांना काही कळत नाही. यंदा त्या चार ओळींत माझंच नाव यायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

मी 31 वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. ‘थ्री पिन प्लगची वरची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब का असते?’ हा प्रश्न मी चाचणीत हमखास दोन गुणांना टाकायची. लांब असते म्हणून प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. मधल्या सगळ्या वेळात उपकरणाचा पत्रा जमिनीशी जोडलेला राहतो. उत्तर अर्धवट लिहिलं म्हणून किती पोरांचा एकेक गुण कापला असेल! आणि माझ्याच घरात ती पिन ज्या छिद्रात जाते, त्याच्या मागे काहीच नव्हतं.

प्रतापनगरातलं आमचं घर 1988 सालचं. तेव्हाच्या हिशेबाने खोलीला एक बोर्ड. त्यावर ट्यूब, पंखा आणि एक प्लग, झालं. मागच्या खोलीत सासूबाई असतात, वय 88. बोर्ड स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर आणि कूलरची खिडकी पार दुसऱ्या टोकाला. इतकी वर्षं एक्स्टेंशनची वायर दारावरून फिरवून भागवलं. यंदा ठरवलं की खिडकीजवळ एक पॉइंटच काढून घेऊ.

चौकातल्या ठिय्यावरून एक वायरमन आणला. ‘‘काकू, घंटाभराचं काम आहे, कायले टेन्शन घेता?’’ म्हणाला. बोर्डापासून खडूने आडवी रेघ ओढली आणि कटर लावला. धुळीचं सांगत नाही. डाळीच्या डब्यांवरून ती आठवडाभर पुसत होते. आठ फूट आडवी झिरी, चांगली दीड इंच खोल. आणि भिंत कोणती? साडेचार इंची. वीटकामाची आपल्या मानक ब्युरोची आयएस 1905 नावाची संहिता आहे. तिच्यात आडव्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापर्यंतच चालते, उभीची एक तृतीयांशापर्यंत. साडेचार इंचाचा सहावा भाग म्हणजे पाऊण इंच, 19 मिलिमीटर. त्यात वायरिंगचा 20 मिलिमीटरचा पाइप बसत नाही, मग वर प्लास्टर कुठून येणार? थोडक्यात, अशा भिंतीला आडवी झिरी मारायचीच नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं की नाही, देव जाणे.

संध्याकाळपर्यंत खिडकीखाली पांढराशुभ्र नवा पॉइंट लागला. तीन छिद्रं, बाजूला स्विच. कूलर सुरू झाला, 1,800 रुपये देऊन मोकळी झाले. सासूबाई खूश.

तिसऱ्या दिवशी दुपारी कूलर चालू असतानाच बादलीने टाकीत पाणी ओतत होते. (बंद करून भरावं, हे आपणच दरवर्षी छापता आणि मी दरवर्षी वाचते.) डावा हात पत्र्याच्या कडेवर टेकला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून मुंग्यांवरच निभावलं. यांनी टेस्टर आणून पत्र्याला लावला, तर आतला दिवा लख्ख पेटला. पंपाच्या वायरचं आवरण तडकलं होतं आणि फेज पत्र्यावर आला होता.

मेन बंद करून यांनी प्लेट उघडली. लाल वायर होती, काळी होती, वरच्या जाड छिद्राचा स्क्रू कोराकरकरीत. त्या वायरमनला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘काकू, तुमच्या जुन्या बोर्डातच हिरवी वायर नाही, तं नव्यात कुठून आणू? कूलर तं टू पिनवरबी चालते ना.’’ खरं होतं त्याचं. हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची, पत्र्याला जमिनीशी जोडणारी. 1988 साली अर्थिंग फक्त स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीच्या पॉइंटला दिली होती, आणि याने नवा पॉइंट ट्यूब-पंख्याच्या बोर्डातून ओढला होता. पण मग तीन छिद्रांचा सॉकेट बसवलाच कशाला? दोन छिद्रांचा असता तर निदान मला शंका आली असती.

‘पण एमसीबी होता ना?’ असं शेजारच्या भाऊंनी विचारलं. होता. पण 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या छातीतून 0.1 अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, तेवढ्याची एमसीबीला जाणीवही होत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत येतो की नाही, हे तो सतत तोलत असतो. 30 मिलिअँपिअरची गळती दिसली की डोळ्याची पापणी लवायच्या आत घराची वीज बंद. अर्थिंग असेल तर कूलरला कोणी हात लावायच्या आधीच तो पडतो, आणि अर्थिंग नसेल तर हात लागल्यावर.

मग परवानाधारक ठेकेदार शोधला. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं. नवा पॉइंट काढणं ही वायरिंगमधली वाढ, आणि ती परवाना असलेल्यानेच करावी असा नियम आहे. त्यांनी हातोडा काढलाच नाही, होल्डरमध्ये 100 वॉटचा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख. फेज आणि स्वयंपाकघराच्या अर्थिंगमध्ये धरला, तर नुसती लालसर तार दिसली. ‘‘मॅडम, तुमची अर्थिंग सुकली आहे. खड्डा कुठे आहे?’’

अर्थिंगचा पाइप पुरलेला तो खड्डा गेटच्या डाव्या हाताला, दहा वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने बसवलेल्या टाइल्सखाली! चार टाइल्स काढल्या. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते ते नागपूरकरांना सांगायला नको. पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट पडली होती. माती जितकी कोरडी, तितकी ती करंटला वाट देत नाही. म्हणजे नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कूलर रात्रंदिवस चालतो, पाय ओल्या फरशीवर असतात आणि नेमकी तेव्हाच अर्थिंग सगळ्यांत कमजोर असते. इतकी वर्षं ‘पृथ्वीचा विभव शून्य’ असं फळ्यावर लिहिलं, पण या पृथ्वीलाही पाणी घालावं लागतं हे लक्षात आलं नाही.

अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला फनेल आणि झाकण. दोन दिवस पाणी मुरवल्यावर तोच बल्ब अर्थिंगवर लख्ख पेटला. मग मेन बोर्डापासून कूलरसाठी स्वतंत्र 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरी आल्या, सोबत हिरवी. भिंतीला एकही झिरी नाही. छताच्या कोपऱ्याने वायरी झाकणारी पांढरी केसिंग पट्टी आणि खिडकीच्या बाजूने सरळ खाली. पॉइंट कूलरच्या मागे न घेता हातभर अलीकडे कोरड्या बाजूला घेतला, म्हणजे पत्र्याला न शिवता स्विच बंद होतो. आरसीसीबी धरून 9,400 रुपये लागले. पाहुणे विचारतात, पट्टी का दिसते आहे? दिसू दे. निदान उद्या कोणी खिळा ठोकताना वायर कुठे आहे हे ओळखेल. आडवी झिरी सिमेंटने भरून घेतली. तिथला रंग काही केल्या जुळत नाही.

आता आपल्याकडे मागणं. विजेने माणूस गेला की विद्युत कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं, आणि सरकार त्यांच्याकडून चौकशी करवून घेऊ शकतं. आपल्या वार्ताहराने पोलीस ठाण्यानंतर त्या कार्यालयातही एक फेरी मारावी. त्या पॉइंटला अर्थिंग होती का, घरात आरसीसीबी होता का, पॉइंट नंतर काढलेला असेल तर कोणी काढला, ही तीन उत्तरं बातमीत छापावीत. ‘कूलरने घेतला बळी’ या मथळ्याने लोक कूलर बदलतात, प्लगकडे कोणी पाहत नाही. आणि मार्चमध्ये कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायच्या दिवसांत एक चौकट टाका: वायरमनला पैसे देण्याआधी मेन बंद करून त्याच्याचकडून प्लेट उघडून घ्या आणि हिरवी वायर डोळ्यांनी पाहा. प्लेट उघडायला दोन स्क्रू काढावे लागतात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर